फॉल्ट आपल्या बाजूचा

आमच्या शेजारच्या मेश्राम काकांचा मोबाइल बंद पडला की ते त्याला हात लावत नाहीत. दुसऱ्या कोणाला लावूही देत नाहीत. बैठकीतल्या टेबलावर काळी रबरी मॅट अंथरलेली असते, तिच्यावर मोबाइल उताणा ठेवतात आणि सुतळीनं त्याच्या गळ्यात एक लाल पाटी अडकवतात. पाटीवर लिहिलेलं असतं, 'माणसे काम करीत आहेत. स्विच लावू नये.' मोबाइलला गळा नसतो हे मला ठाऊक आहे. काकांच्या मोबाइलला असतो.

पाटी खरी आहे. काका वीज मंडळात सबस्टेशन ऑपरेटर होते. गावोगाव जाणाऱ्या मोठ्या तारा जिथून सुटतात तिथं बसून स्विच लावायचा आणि काढायचा, यात त्यांची हयात गेली. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी शाल आणि नारळ दिला, तर हे म्हणाले, "शाल राहू द्या, मले ते पाटी द्या." ती पाटी आणि शॉक लागू नये म्हणून स्विचसमोर पायाखाली घालायची ती मॅट घेऊन ते घरी आले आणि तेव्हापासून काकूंचा मिक्सर, टीव्ही, कूलर यांतलं काहीही बिघडलं की आधी पाटी लागते. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा काकांचे अर्धे दोस्त तिकडे गेले. काकांना कोणी विचारलं की म्हणायचे, "मी आपली लाइन सोडून कुठी जाऊ?" काकू म्हणतात, गेले असते तर बरं झालं असतं.

मी प्रज्ञा. पुण्याच्या एका कंपनीचं काम भंडाऱ्यात घरी बसून करते. मोबाइलमधली ॲप्स का कोसळतात हे शोधून काढणं हेच माझं काम. माझ्या आईनं एकदा हे कौतुकानं काकूंना सांगितलं आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात उभे. दोन्ही हातांवर मॅट, मॅटवर मोबाइल, मोबाइलवर पाटी.

"पोरी, ट्रिप झाला."

म्हणजे फोन हँग झाला होता. आता जगात कोणाचाही फोन हँग झाला की माणूस काय करतो? बटण दाबून धरतो, बंद करतो, चालू करतो आणि आपल्या उद्योगाला लागतो. मीही तेच सुचवलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी उघड्या तारेला हात लावायला सांगितलं होतं.

"फॉल्ट न पायता लाइन चार्ज करायची? तिकडं खांबावर मानूस असन तं?"

"काका, मोबाइलच्या खांबावर कोण चढणार आहे?"

"मले का माहीत? म्हनून तं आधी पायतो म्हनलं."

मी फोन घ्यायला हात पुढे केला. त्यांनी मॅट मागे ओढली.

"परमिट घेतलं काय?"

सबस्टेशनची ही रीत. लाइनवर काम करणाऱ्यानं आधी ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं, काम झालं की परत करायचं, त्याशिवाय ऑपरेटर स्विचला शिवत नाही. रीत चांगली आहे, तिनं माणसं वाचतात. पण सकाळी चहाचा पहिला घोट घेण्याआधी, अंगात नाइट ड्रेस आणि केसांत तेल असताना, आपल्याच दारात उभं राहून "घेतलं काका, परमिट घेतलं" असं मोठ्यानं म्हणायचं म्हणजे अंगाचा तिळपापड होतो. हळू म्हटलं तर चालत नाही. "आईकू नाही आलं," म्हणतात.

मी त्यांना समजावलं की फोन वारंवार कोसळत असेल तर सरळ रीसेट करू, सगळं पुसून नव्यासारखा करू. नाही म्हणाले. नवा फोन घ्या म्हटलं. तर म्हणाले, "अन् नवाही असाच ट्रिप झाला तं? आधी सांग, फॉल्ट आपल्या बाजूचा का समोरच्या बाजूचा?" हे त्यांचं पालुपद. गल्लीत वीज गेली, नळाला पाणी आलं नाही, काकूंनी केलेल्या वरणात मीठ कमी पडलं, तरी काका आधी हेच विचारतात. वरणाच्या बाबतीत काकूंनी एकदा पळी दाखवली होती.

शेवटी माझ्याच तोंडून चुकीचा शब्द गेला. मी म्हटलं, "कारणच पाहिजे असेल तर फोनचा लॉग रेकॉर्ड करावा लागेल."

काका खुर्चीत ताठ झाले. सबस्टेशनमध्ये तासातासाची नोंद ज्या वहीत होते, तिलाही लॉगच म्हणतात. "याच्यातही लॉग असते?"

असतो. कोणतं ॲप उघडलं, कोणतं मिटलं, कोणी काय मागितलं आणि कोणाला मिळालं नाही, हे सगळं फोन सतत आपल्या पोटात लिहीत असतो. ते बाहेर काढून वाचलं तर तो कशामुळे कोसळला हे बहुतेक वेळा कळतं. हे ऐकताना काकांचा चेहरा असा उजळला, जणू फोननं त्यांच्याच खात्यात नोकरी केली होती. "मंग कायले चिंता," ते म्हणाले. "लॉग आहे तं सापडते."

लॉग काढायला फोनमध्ये एक लपलेला विभाग उघडावा लागतो. सेटिंगमधल्या एका आकड्यावर लागोपाठ बोट टेकवत राहायचं. मग फोन सांगतो, 'आता तुम्ही डेव्हलपर आहात.' मी हे काकांच्याच हातानं करवून घेतलं, ही माझी दुसरी चूक. काकांनी ते वाक्य वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि फोन तसाच धरून घरी गेले. संध्याकाळपर्यंत दूधवाल्यापासून प्रेसवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं की मेश्राम काका या वयात डेव्हलपर झाले.

"मोरीतला नळ किती दिवसांचा गळून राहिला," काकू कुंपणावरून आईला सांगत होत्या, "तो नाही दुरुस्त होत, अन् म्हने डेव्हलपर!"

त्यानंतर काका रोज येऊ लागले. नेमके माझ्या सकाळच्या मीटिंगच्या वेळी. मी कॅमेऱ्यासमोर बसून पुण्याच्या साहेबांना सांगते आहे की काम वेळेवर होईल, आणि मागून मॅट धरलेले काका हळूहळू चित्रात शिरताहेत. एकदा साहेबांनी विचारलंच, "प्रज्ञा, मागे कोण आहेत?" मी काही बोलायच्या आत काका पुढे वाकून म्हणाले, "नमस्कार साहेब. मीही डेव्हलपरच. चालू द्या तुमचं." मीटिंगमधल्या सगळ्यांनी आपापले माइक बंद केले, हसण्यासाठी. मी आईला म्हटलं, सकाळी दाराला कडी लावत जा. आई म्हणाली, "तो बिचारा चहा पिते अन् जाते, तुले काय करते?"

चहा पिऊन ते जात नसत. लॉग वाचत बसत. म्हणजे मी लॅपटॉपवर लॉग उघडला की खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी बसायचं आणि हजारो ओळींवरून बोट फिरवत इंग्रजी वाचायचं. मोठ्यानं.

"पोरी, थांब. इथं 'किल्ड' लिवलं आहे. अन् हे पाय, 'डाइड'. कोन मेलं?"

"कोणी नाही काका. एक ॲप बंद झालं."

"मंग बंद झालं लिवावं. मेलं कायले लिवते?"

त्या दिवशी 'डाइड' दिसला की ते "हा कोन?" विचारायचे आणि मी नाव सांगायची, असं दुपारपर्यंत चाललं. घड्याळाचं ॲप मेलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं.

अडचण अशी की माझ्यासमोर फोन कोसळतच नव्हता. कोसळायचा तो काकांच्या घरी, आणि ते मॅटवर ठेवून, पाटी लावून, आदबीनं तो माझ्याकडे आणेपर्यंत बॅटरी संपून लॉगमधला कामाचा भाग निघून गेलेला असायचा. शेवटी एका रविवारी मी ठरवलं की या माणसाचा सोक्षमोक्ष लावायचा. काकांना आमच्याच घरी बसवलं, त्यांचा फोन केबलनं लॅपटॉपला जोडला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, "आता घरी जसा वापरता तसा वापरा."

काकांनी शेजारच्या घरी काकूंना फोन लावला. "हॅलो, चाचनी चालू आहे."

भिंतीपलीकडून आवाज आला तो फोनपेक्षा लवकर पोचला. "काय चाचनी? भाजी करून राहिली मी!"

"आवाज बराबर आहे. ठेव."

पुन्हा लावला. पुन्हा चाचणी. तिसऱ्यांदा लावला तेव्हा काकूंनी पलीकडून जे सांगितलं ते लॉगमध्ये आलं नाही हे बरं झालं, कारण फोन त्याच वेळी कोसळला. काका टाळी वाजवून उठले. मी लॉग वाचला आणि कपाळावर हात मारला.

काकांच्या फोनमध्ये बोलणं रेकॉर्ड करणारी तीन ॲप्स होती. कॉल लागला की तिघंही एकदमच माइक मागायची. एका नळावर तीन बाया आपापली घागर लावून भांडाव्यात तसं चालायचं, आणि जुना फोन बिचारा त्या झोंबाझोंबीत आडवा व्हायचा.

"काका, एकाच कामाची तीन ॲप्स कशाला?"

"एक मेन," काका म्हणाले. "एक स्टँडबाय."

"आणि तिसरं?"

"स्टँडबाय पडला तं?"

मी डोळे मिटून स्वतःला शांत केलं. सबस्टेशनमध्ये एक यंत्र पडलं तर दुसरं हवं, हे मला समजतं. पण इथं मेन, स्टँडबाय आणि स्टँडबायचा स्टँडबाय मिळूनच लाइन पाडत होते. एवढे दिवस, एवढ्या मीटिंगा, एवढे परमिट, आणि फॉल्ट काय, तर काकांची सावधगिरी! मी रागानंच विचारलं, "आणि तुम्हाला बोलणं रेकॉर्ड करून करायचं काय आहे? कोणावर केस लावायची आहे?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "असंच. फॉल्ट पकडाले."

माझं लक्ष नव्हतं त्यांच्याकडे. मी दोन ॲप्स काढली, एक ठेवलं, दिवसभर फोन चालवून पाहिला. कोसळला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. आईनं शिरा केला आणि वाटी भरून शेजारी पाठवली. मी दाराची कडी काढून ठेवली आणि मीटिंगमध्ये पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. काका आता येणार नाहीत, ही कल्पनाच इतकी गोड होती.

आठवड्याभरानं काका आले. मॅट नाही, पाटी नाही, फोन नुसता शर्टाच्या खिशात. ते येऊन बसले आणि आलेला चहा त्यांनी बाजूला सरकवून ठेवला. फोन सुधारल्याचा आनंद या माणसाला का झाला नाही, हे माझ्या ध्यानात येईना.

"चालतो ना आता?" मी विचारलं.

"चालते."

"पडत नाही ना?"

"नाई पडत." मग खिशातून फोन काढून म्हणाले, "पन एक फॉल्ट राहिलाच. एका नंबरवर आवाज नाही येत."

"बाकी सगळ्यांचा येतो?"

"येते."

"मग फोन बरोबर आहे काका."

"असं नको म्हनू. लॉग काढून पाय." त्यांनी हे ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. हुकूम नव्हता त्यात. ते विनवत होते. म्हणून मी चिडचिड गिळली आणि केबल लावली.

नंबर 'कोंढा' या गावाच्या नावानं ठेवलेला होता. मी विचारलं, कोंढ्याचे कोण? म्हणाले, "कोंढ्याचा म्हनजे कोंढा." कॉल लागला. पलीकडून उचलला गेला. काका म्हणाले, "हॅलो." पलीकडे काही नाही. "हॅलो, आईकू येते काय?" काही नाही. माझ्यासमोर लॉगच्या ओळी पळत होत्या. कॉल चालू, माइक चालू, स्पीकर चालू, कुठंही काही मेलेलं नाही. मी फोन स्पीकरवर टाकला आणि कान जवळ नेला. कोंबडी ओरडत होती. लांब कोणीतरी बादली ठेवली. आणि अगदी जवळ, फोनच्या तोंडाशी, कोणाचा तरी श्वास चालला होता.

"आवाज येतो आहे की काका. कोंबडीचा स्पष्ट येतो आहे."

"कोंबडीचा येते," काका म्हणाले. "त्याचा नाही येत."

तेवढ्यात पलीकडे पावलं वाजली आणि एका बाईचा आवाज आला. "कोन, भंडाऱ्याचे काका काय? मी सून बोलतो. तुम्हाले मागंच सांगतलं होतं ना काका, लकवा मारल्यापासून बाबाले बोलता नाही येत. डॉक्टरनं सांगतलं, आता आवाज नाही येनार. पन तुमचा फोन वाजला का हात पुढं करतेत, म्हनून देतो मी त्यायच्या हाती." मग जरा थांबून, "ठेवू काय? दूध उतू जाऊन राहिलं."

फोन बंद झाला. लॉगमध्ये ओळ आली की कॉल व्यवस्थित संपला.

काका त्या ओळीकडे बघत होते. मला आता सगळं कळलं. तीन ॲप्स कशासाठी होती, ते कळलं. लॉग कशासाठी, पाटी कशासाठी, रोज सकाळी माझ्या दारात कशासाठी, ते कळलं. त्यांना सुनेनं केव्हाच सांगितलं होतं. त्यांनी ते मानलं नव्हतं; आवाज आपल्याच फोनमध्ये कुठंतरी अडकतो, असं धरून ते बसले होते.

"फॉल्ट आपल्या बाजूचा निघाला असता तं बरं झालं असतं," काका म्हणाले. "आपल्या बाजूचा असला का मानूस काही तरी करते."

मी आईला पुन्हा चहा ठेवायला सांगितलं. तो चहा पिताना काकांनी मला कोंढ्याच्या लांजेवारांची गोष्ट सांगितली, तुटक तुटक, कपाकडे पाहत.

लाइनच्या एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला लांजेवार. मधे शेतं, जंगल आणि तारा. दोन्ही सबस्टेशनांत एक फोन असायचा, फक्त एकमेकांशी बोलण्यासाठी. स्विच लावायचा तर आधी दुसऱ्या टोकाला विचारायचं, काढायचा तरी विचारायचं. तिथं ऑपरेटरला नाव नसतं, गावाच्या नावानंच हाक मारायची. म्हणून ते 'कोंढा' आणि हे 'भंडारा'. कामाचं बोलून झालं की इकडच्या तिकडच्या गोष्टी. पाऊस आला काय तिकडं, पोरगी पास झाली काय, जेवलास काय. वादळात लाइन पडली की दोघं रात्रभर जागायचे, एक इकडं, एक तिकडं. नोकरी संपल्यावर सरकारी फोन सुटला, मोबाइल आला, आणि रोज सांजच्याला बोलणं तसंच चालू राहिलं.

"मग भेटायला का नाही गेलात?" माझा आवाज चढलाच. "कोंढा काय लंडनला आहे? पवनी रोडनं तासाभराचा रस्ता!"

"भेटून काय करू? आमची भेट फोनवरची."

"एवढ्या वर्षांत भेटलाच नाहीत?"

"त्याच्या पोरीच्या लग्नात गेल्तो. मांडवात गर्दी लय होती. तो मुलीचा बाप, त्याले फुरसत कुठी? नमस्कार झाला अन् मी जेवून आलो."

मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. साहेबांना सांगितलं की घरचं काम आहे. काका तयार होईनात, पण काकूंनी इस्त्रीचा शर्ट खुंटीवरून काढून त्यांच्या अंगावर टाकला आणि म्हणाल्या, "जा. दोन महिन्यांपासून जेवत नाही बराबर, मी का आंधळी आहो?" स्कूटीवर मागे काकांना बसवलं आणि निघालो.

वाटेतही त्यांनी जीव खाल्ला. धान कापून झालेला, शेतात पेंढ्यांचे पुंजने रचलेले, थंडीचं कोवळं ऊन, इतकी सुंदर सकाळ. पण काकांचे डोळे वर. "ते पाय, फांदी तारेले टेकून राहिली." "हा खांब कलला आहे, थांब." "ह्या गाववाल्याईनं आकडा टाकला आहे, सांगजो त्यायले." मी दोनदा स्कूटी थांबवली, तिसऱ्यांदा ऐकू न आल्याचं सोंग केलं. अड्याळ गाव मागे पडल्यावर मागून आवाज येणं बंद झालं. मला वाटलं, रागावले. मी आरशात पाहिलं. तारांकडेही बघत नव्हते.

"प्रज्ञा," ते म्हणाले. ते मला कधी नावानं हाक मारत नाहीत. "मले त्याचा चेहरा नाही आठवत वं. मी त्याले आवाजानंच ओळखत होतो. आता ओळखू कसा?"

मी स्कूटी चालवत राहिले. हेल्मेटची काच खाली होती, ते बरं होतं.

कोंढ्यात घर विचारत विचारत सापडलं. आवार मोठं, एका बाजूला गोठा. उन्हात एका लांब खाटेवर तीन म्हातारे बसलेले होते. तिघांच्या डोक्यांना मफलर, तिघांच्या अंगावर शाली, तिघांचेही डोळे उन्हामुळे बारीक झालेले. शेजारचे कोणी उन्हाला येऊन बसले असावेत. सून कुठं दिसत नव्हती. काका फाटकातच थांबले. एकेक चेहरा पाहिला, पुन्हा पहिल्यापासून पाहिला, आणि माझ्याकडे वळले. मला काय माहीत असणार? मी सुनेला हाक मारायला आत जाणार होते.

तेवढ्यात काकांनी घसा साफ केला, छाती भरून घेतली आणि मोठ्यानं म्हणाले, "हॅलो, कोंढा! भंडारा बोलून राहिलो."

दोघं म्हातारे दचकून आमच्याकडे बघायला लागले. तिसऱ्यानं, कडेच्यानं, बघितलंच नाही आमच्याकडे. त्याचा उजवा हात मांडीवर मेलेला होता. डावा हळूहळू शालीबाहेर आला, वर गेला आणि कानाशी जाऊन थांबला, बोटं वळलेली, रिसीव्हर धरतात तशी. त्याचं तोंड हलत होतं आणि डोळ्यांतून पाणी गालावरून मफलरमध्ये जात होतं.

काका चालत गेले. बाकीच्या दोघांनी सरकून जागा दिली. ते लांजेवारांच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असे बसले. काकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. समोर गोठ्याकडे तोंड करून, दोघंही सरळ पुढं बघत, काका बोलायला लागले. इकडं धान बरा झाला, बायकोचा गुडघा दुखून राहिला, आमच्या शेजारी एक पोरगी आहे, लय चिडते पन मनानं चांगली आहे. लांजेवारांनी कानाचा हात खाली घेतला नाही.

मी फाटकाशी हेल्मेट हातात धरून उभी राहून रडले. सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, खाटेकडे पाहिलं आणि माझ्याजवळच उभी राहिली. मी तिला हळूच विचारलं, काकांना रोज संध्याकाळी किती वाजता फोन करू द्यायचा, आणि ती म्हणाली, दिवाबत्तीच्या आधी केला तर बाबा जागे असतात.